रकाना सात

आधी मी घरपट्टीच्या टेबलावर होते.
नगरपंचायतीचा ठराव झाला आणि कुत्री माझ्याकडे आली.
म्हणजे कागद आले : एक जाड रजिस्टर,
ॲल्युमिनियमच्या बिल्ल्यांची पिशवी,
आणि एक शिक्का, ज्याच्या पॅडला शाई नाही
हे लेखी कळवूनही आजतागायत शाई नाही.

रकाना चार : जात.
रकाना पाच : रंग व खूण.
रकाना सात : मालकाचे नाव, संपूर्ण.

पहिल्या आठवड्यात बंगलेवाले आले,
निवृत्त होऊन देवगडात समुद्र बघायला राहिलेले.
त्यांच्या कुत्र्यांना आडनावं होती
आणि लसींची वेगळी फाइल.
सुट्टे दोनशे दिले, पावती मागितली.

मग अनुसया मालंडकर. टोपली बाहेर ठेवून आत आली,
आणि टोपलीच्या मागून जेटीवरचा बांगडो,
तांबूस, एक कान अर्धा, उंबऱ्यात बसला.
‘नोटीस लावलास ती कोणाक?’
सगळ्यांना, मी म्हटलं. ह्याचा मालक कोण?
‘जो मासो टाकता तो मालक.
जो दगड मारता, तोव सोताक मालकच समाजता.
तू खंयचो लिवतलंस?’

रकान्यात एवढी जागा नव्हती.

पावसाआधी तपासणी निघाली.
श्वान प्रजनन परवाना, अर्जदार सुहास मिठबावकर.
काजू कारखान्याच्या मागे, जुन्या भट्टीच्या खोलीत
चार लॅब्रॅडोर माद्या. फिनेल इतकं ओतलेलं
की डोळ्यांना पाणी आलं,
आणि ते बरंच झालं.
‘रोझी. वय पाच,’ तो म्हणाला.
रोझी उठली नाही. तिचे सड लादीवर पसरले होते
पिळून टाकलेल्या फडक्यासारखे.
तोंडावरचे केस पांढरे.
मी पाच लिहिलं.
खूण : डाव्या कानाच्या आत जांभळा डाग. तो मात्र वाकून बघितला.
त्याचा मेहुणा बांधकाम समितीवर आहे
हे कोणी बोललं नाही.
मी चहा प्यायले, कप विसळून ठेवला, सही केली.

दिवाळीनंतर त्याचं पत्र : रोझी मयत,
नोंद कमी करावी.
केली. पान नऊ, लाल पेनची आडवी रेघ.
कुत्र्याच्या मरणाला कारणाचा रकाना नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार. मासे खपत नाहीत,
म्हणून अनुसयेला वेळ होता.
हातात सुंभाची दोरी, दोरीच्या टोकाला पिवळी मादी.
‘पवनचक्क्येच्या वाटेर गावली.
गाडयेतसून सोडल्यानी असतली कोणीतरी.
तीन दिस थयसरच बसान होती.
पांढरी गाडी दिसली की शेपटी हालवी,
गेली की परत बसा.’

मी सड बघितले. तोंड बघितलं.
एकदा हाक मारून बघावी असं वाटलं.
तिने मान वळवली असती तर?

नाव?
‘ठेवक नाय अजून. आधी खाऊंदे.’
जात?
‘तिकाच इचार.’
वय मी विचारलंच नाही. अकरा लिहिलं.
मग रकाना सात. मी पेन उचलून धरलं,
मागच्या वेळचं सगळं तिच्या तोंडून ऐकायच्या तयारीने.
तिने पदर खोचला.
‘लिव. अनुसया तुकाराम मालंडकर.
पुरा लिव. अर्धा नको.’

दहाच्या, विसाच्या नोटा. एकीला खवला चिकटलेला.
बिल्ला दोनशे बारा, तो सुंभातच ओवला.
बांगडो उंबऱ्यात जरा सरकून बसला.

पान नऊवर ती मेलेली आहे, माझ्या अक्षरात.
पान एकतीसवर बसली आहे, माझ्याच अक्षरात.
मार्चमध्ये लेखापरीक्षक येतील. ते रकमा जुळवतात,
कुत्री जुळवत नाहीत.
तरीही खुणेच्या रकान्यात मी सावकाश, सुवाच्य लिहिलं :
डाव्या कानाच्या आत जांभळा डाग.
शब्द तेच, क्रम तोच.

मग शिक्का. शाई नव्हतीच.
दोन्ही हातांनी दाबला.
कागदावर नुसता वळ उठला.